कॉइलओव्हरची उंची सेट करायचीय? पाना उचलायच्या आधी टेप उचला

कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा शॉकअप आणि स्प्रिंगचा सेट) बसवले की पहिल्या दिवशी प्रत्येकाला एकच करायचं असतं, कॉलर (नळीवरची आट्यांची रिंग) फिरवायची, गाडी खाली घ्यायची आणि लांब उभं राहून बघत बसायचं. मी पण तेच केलं होतं, त्यामुळे मला ते समजतं. पण उंची म्हणजे फक्त दिसणं नाही हो. शॉकअपला दबायला किती जागा उरली, उघडायला किती उरली, चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या लोअर आर्मचा कोन काय झाला, चार चाकांवर वजन कसं पडलं, हे सगळं त्या एका कॉलरला बांधलेलं असतं. म्हणून लेख जरा लांब झालाय. आणि काम सुट्टीच्या दिवशी सकाळी काढा, पहिल्यांदा करणाऱ्याला चार चाकांना अर्धा दिवस सहज जातो, संध्याकाळी अंधार पडताना सुरू केलेलं हे काम कधीच नीट होत नाही.

आपल्याकडे कोणता प्रकार आहे ते आधी बघा

बाहेरून सगळे सारखेच दिसतात, आटे पाडलेली नळी, तिच्यावर स्प्रिंग आणि रंगीत कॉलरी. पण आतून दोन प्रकार आहेत आणि दोघांची उंची वेगळ्या पद्धतीने बदलते. साध्या प्रकारात स्प्रिंगची खालची बैठक वरखाली करायची, बस, उंची बदलायला तेवढा एकच मार्ग. दुसरा प्रकार फुल-लेंथ, त्यात शॉकअपची नळीच खालच्या ब्रॅकेटमध्ये आट्यांवर आतबाहेर होते, म्हणजे स्प्रिंगला हात न लावता उंची बदलता येते. ओळखायला सोपं आहे, स्प्रिंगखाली दोन कॉलरी (एक बैठक, एक तिचं लॉक) आणि शिवाय अगदी खाली ब्रॅकेटच्या डोक्यावर तिसरी लॉक रिंग दिसली तर फुल-लेंथ समजा.

मागच्या बाजूला बऱ्याच गाड्यांत स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा असतो. तिथे स्प्रिंगच्या खाली किंवा वर आट्यांची बैठक असते आणि उंची तिच्यावरून ठरते. शॉकअपची लांबी बदलता येत असेल तर तीही उंचीप्रमाणे जुळवायला लागते. लोक हे विसरतात आणि मग मागून खडखड येते.

प्रीलोड, आणि इथेच बहुतेकांची गाडी बिघडते

माझी झालेली चूक सांगतो. माझा सेट फुल-लेंथ होता. पुढून गाडी खाली घासायला लागली म्हणून पुढचा भाग २५ मिमी उचलायचा होता. ब्रॅकेटची रिंग चिखलाने जाम होती, वरची स्प्रिंगची कॉलर मात्र हाताने फिरत होती, म्हणून मी तीच २५ मिमी वर चढवली. उंची आली, खूश झालो. पण दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक गतिरोधकावरून चाक खाली उतरताना पुढून टक् असा आवाज, खड्ड्याच्या काठावर पण तोच. दोन महिने मी बॉल जॉइंट, लिंक रॉड, टॉप माउंट सगळं तपासत बसलो. सगळे पार्ट चांगले होते. शॉकअप पूर्ण उघडून स्वतःच्याच शेवटाला आपटत होता.

हिशोब करून बघू. समजा स्प्रिंग ६ किलो प्रति मिमीची आहे आणि त्या कोपऱ्यात स्प्रिंगवर ३०० किलो येतात. म्हणजे गाडी उभी असताना स्प्रिंग ५० मिमी दबणार, काहीही केलं तरी ५०च, कारण वजन तेवढंच आहे. आता चाक हवेत असताना स्प्रिंग कॉलरने आधीच ५ मिमी दाबून ठेवली असेल (हाच प्रीलोड), तर गाडी जमिनीवर आल्यावर शॉकअप उरलेले ४५ मिमी आत जाईल, म्हणजे खड्ड्यात चाकाला खाली जायला ४५ मिमी जागा आहे. मी प्रीलोड ५ वरून ३० वर नेला होता. ५० वजा ३०, उरले फक्त २० मिमी. खड्डा २० मिमीपेक्षा खोल आला की टक्. बरेच जण म्हणतात प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते, तसं नसतं, ६ची स्प्रिंग ६चीच राहते, खाली जायची जागा तेवढी कमी होते आणि गाडी आपटायला लागल्यामुळे ती कडक वाटते.

म्हणून फुल-लेंथवर नियम सरळ आहे. चाक हवेत असताना स्प्रिंग हाताने वरखाली हलणार नाही इतपत कॉलर टेकवायची, त्यापुढे कंपनीने प्रीलोडचा आकडा दिला असेल तर तेवढा द्यायचा, दोन्ही बाजूंना सारखा, आणि मग त्या कॉलरला उंचीसाठी हात लावायचा नाही. साध्या प्रकारात हा पर्याय नसतो, तिथे बैठक वर घेतली की उघडण्याची जागा कमी होणार आणि खाली घेतली की प्रीलोड कमी होणार. एका मर्यादेनंतर चाक लटकल्यावर स्प्रिंग ढिली पडते. हाताने हलणारी स्प्रिंग घेऊन गाडी चालवू नका, एखाद्या मोठ्या खड्ड्यात ती बैठकीवरून सरकून वाकडी बसू शकते. एवढंच खाली जायचं असेल तर हेल्पर स्प्रिंग (ढिली जागा भरून काढणारी छोटी मऊ स्प्रिंग) लागते, नाहीतर थोडं वर थांबा.

माप

गाडी सपाट जागेवर लावा, आणि सपाट म्हणजे डोळ्याला सपाट नाही, लांब सरळ पट्टीवर पाणसळ ठेवून बघा. टायरमध्ये हवा बरोबर भरा. डिकीतलं सामान काढा किंवा नेहमी असतं तेवढं ठेवा, पेट्रोल किती आहे ते लिहून ठेवा, पुढच्या वेळी माप घेताना साधारण तेवढंच हवं. स्टिअरिंग सरळ. गाडी चार-पाच मीटर मागे-पुढे ढकलून घ्या आणि हँडब्रेक न ओढता माप घ्या.

जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजू नका, त्यात टायरची झीज आणि हवा दोन्ही मिसळतात. चाकाच्या बरोबर मध्यापासून उभ्या रेषेत मडगार्डच्या कमानीच्या काठापर्यंत मोजा. चारही कोपऱ्यांचे आकडे वहीत लिहा, मोबाइलमध्ये पण चालेल पण काम करताना हात काळे असतात, वहीच बरी. समजा पुढे डावी ३५८, उजवी ३५२, मागे ३६१ आणि ३६० आली. पुढचा ६ मिमीचा फरक बघून लगेच कॉलर फिरवायला जाऊ नका. मडगार्डचा पत्रा दोन्हीकडे अगदी सारखा बसलेला नसतो, गाडी कधी ठोकली असेल तर आणखीच फरक. खात्री करायला दाराखालच्या पट्टीवर, जिथे जॅक लावतात त्या जागेची जमिनीपासून उंची दोन्ही बाजूंनी बघा. ती सारखी असेल तर फरक पत्र्याचा आहे, सस्पेन्शनचा नाही.

आता किती खाली जायचं ते ठरवा. गाडीखाली वाकून पुढचा लोअर आर्म बघा. आर्मचं बाहेरचं टोक, म्हणजे बॉल जॉइंट, आतल्या बुशच्या (आर्म बॉडीला जोडतो तिथलं रबर) पातळीला किंवा थोडं खाली असेपर्यंत ठीक आहे. बॉल जॉइंट बुशपेक्षा वर गेला, आर्म बाहेरच्या बाजूला वर चढलेला दिसायला लागला, की तुम्ही जास्त खाली गेलात. स्ट्रट (चाकाच्या हबला थेट पकडलेला शॉकअप) असलेल्या गाडीत खाली जाताना वजनाचा मध्यबिंदू खाली येतो हे खरं, पण रोल सेंटर (वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) त्याहून भराभर खाली जातो, दोघांतलं अंतर वाढतं आणि गाडी वळणावर उलट जास्त झुकायला बघते. दिसायला रेसची गाडी आणि चालायला मूळ गाडीपेक्षा वाईट, हे इथूनच होतं. पुढच्या आणि मागच्या उंचीत कंपनीने जो फरक ठेवलाय तो शक्यतो तसाच ठेवा.

गाडी उचलणं

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. जे चाक उचलणार नाही त्याच्या पुढे-मागे ठोकळे लावा. मग पुढची दोन्ही चाकं एकदम वर घ्या, एक-एक नाही. एकच बाजू उचलली तर स्टॅबिलायझर बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा) पिळला जातो, तो त्या बाजूचा आर्म वर ओढून धरतो, आणि तुम्हाला वाटतं शॉकअप पूर्ण उघडलाय पण तो उघडलेला नसतो, मग प्रीलोडचं माप चुकतं. गाडी जॅक स्टँडवर ठेवा आणि कोणी आत हात घालायच्या आधी बॉडीला धरून चांगली हलवून बघा. फक्त जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीच, दोन मिनिटांसाठी पण, जाऊ नका. काढलेलं चाक आडवं करून दाराखालच्या पट्टीखाली सरकवून ठेवा, माझी ती सवयच आहे.

कॉलर सोडवणं

फिरवायच्या आधी आटे साफ करा, हे मी परत परत सांगेन. आट्यांच्या खाचेत वाळू आणि चिखल बसलेला असतो, तशीच कॉलर फिरवली तर एक-दोन फेऱ्यांत करकर आवाज येतो आणि मग ती जागच्या जागी जाम, कारण कॉलर बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमची असते, मऊ, वाळूचा कण तिचे आटे ओरबाडतो. नायलॉन किंवा पितळी तारेचा ब्रश घ्या, वरून खाली घासा, पाण्याने किंवा क्लीनरने धुवा, पुसा, मग जाम नट सोडवायचं तेल मारा. जास्त गंज असेल तर रात्रभर तसंच राहू द्या. छिन्नी-हातोडीने कॉलरच्या खाचेत ठोकायचा मोह होतो, नका करू, खाच तुटली की सी-स्पॅनर (खाचेत अडकणारा सी आकाराचा पाना) धरणारच नाही.

सोबत आलेले दोन सी-स्पॅनर घ्या. एकाने बैठक किंवा ब्रॅकेट धरून ठेवायचं, दुसऱ्याने लॉक रिंग सोडायची. स्पॅनरचं नाक खाचेत पूर्ण बसलंय ना बघा, आणि ताकद हळूहळू वाढवा, झटका दिला की पाना निसटतो आणि बोटं मडगार्डच्या काठावर जातात.

रिंग सुटली की कॉलरवर मार्करने एक खूण आणि तिच्या समोर नळीवर एक खूण करा, म्हणजे फेऱ्या मोजता येतात. एका फेरीत किती मिमी जातं ते आट्यांच्या अंतरावर आहे, नळीवर पट्टी धरून २० मिमीमध्ये किती आटे बसतात ते मोजा. दहा बसले तर एक आटा २ मिमीचा, म्हणजे पाच फेऱ्यांत १० मिमी.

साध्या प्रकारात बैठक फिरवा, झालं. फुल-लेंथमध्ये पुढच्या स्ट्रटला खालची रिंग सैल करून पूर्ण नळी स्प्रिंगसकट फिरते, आत गेली की गाडी खाली, बाहेर आली की वर. मात्र ब्रेकच्या पाइपची क्लिप, एबीएसची वायर किंवा लिंक रॉड नळीलाच लावलेला असेल तर ते आधी सोडवून घ्या, नाहीतर फिरताना पिळले जातील. मागे बहुतेक वेळा खालचा बोल्ट काढून ब्रॅकेट फिरवायला लागतो, तेव्हा आर्मखाली जॅकचा हलका टेकू द्या, आर्मचं वजन ब्रेकच्या पाइपवर येता कामा नये. आणि उंच करताना एक मर्यादा पक्की पाळा, नळी ब्रॅकेटमध्ये किमान किती आत असायला हवी हे कंपनीने दिलेलं असतं. त्यापेक्षा बाहेर काढली तर गाडीचं सगळं वजन चार-पाच आट्यांवर येतं आणि ते आटे तुटतात.

कॉलर १० मिमी हलली म्हणजे गाडी १० मिमी हलेलच असं नाही. पुढच्या स्ट्रटला जवळपास तेवढीच हलते, पण जिथे शॉकअप आर्मवर आतल्या बाजूला बसवलेला असतो तिथे चाक जास्त हलतं. शॉकअप ७ मिमी दबताना चाक १० मिमी हलत असेल तर कॉलरच्या १० मिमीला गाडी साधारण १४ मिमी खाली जाणार. म्हणून पहिल्यांदा ५ मिमीच फिरवा, खाली उतरवून मोजा, आपल्या गाडीचं प्रमाण कळेल, मग बाकीचं एकदम करा.

दोन्ही बाजूंचे दिसणारे आटे पट्टीने मोजून आधी सारखे करा. मग लॉक रिंग घट्ट करा, कंपनीचा टॉर्क दिला असेल तर तोच द्या. चाक लावा, गाडी उतरवा, नट टॉर्क रेंचने आवळा.

उतरवल्यावर लगेच मोजू नका

गाडी जॅकवरून उतरली की उंचच उभी राहते. चाकं आत ओढलेली असतात, टायर जमिनीला धरून ठेवतो, त्यामुळे सस्पेन्शन खाली बसतच नाही. पुढचा-मागचा भाग दाबून उसळवा, थोडी मागे-पुढे करा, सगळ्यात चांगलं म्हणजे दहा-पंधरा मिनिटं हळू चालवून आणा. मग त्याच जागेवर, त्याच हवेवर परत मोजा. स्प्रिंग नवीन असेल तर पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये आणखी थोडी बसते.

एक बाजू कमी आली तर त्याच कोपऱ्यात चूक शोधू नका. पुढची डावी बाजू खाली दिसते तेव्हा कित्येकदा मागची उजवी जास्त उंच असते, चार पायांच्या टेबलासारखं आहे ते, एक पाय लांब असला की तिरपे समोरासमोरचे दोन कोपरे डुलतात. मागचं माप बघूनच पुढचं हलवा.

आता जे बहुतेक जण सोडून देतात ते. लोअर आर्मचे रबरी बुश मधल्या स्लीव्हला चिकटलेले असतात, आर्म हलतो तेव्हा रबर पिळलं जातं. जुन्या उंचीवर आवळलेला बुश नवीन उंचीवर कायम पिळलेलाच राहतो, गाडीला धरूनही ठेवतो (माप मनासारखं येत नाही त्याचं हेही एक कारण) आणि काही महिन्यांत फाटतो. म्हणून उंची ठरली की आर्मचे बुशचे बोल्ट सैल करा आणि चाकावर वजन असताना परत टॉर्कने आवळा. गाडीखाली शिरायला जागा नसेल तर गाडी स्टँडवर ठेवून हबखाली जॅक लावा, हब ते कमान माप वहीतल्या आकड्याइतकं होईपर्यंत उचला, आणि तिथे आवळा. करताना एक डोळा स्टँडवर ठेवा, गाडी स्टँडवरून उचलली जायला नको.

प्रवास किती उरला ते झिपटायने बघा

शॉकअपच्या दांड्यावरचं रबरी बूट वर सरकवा, दांड्याला एक छोटी झिपटाय घट्ट बांधा, खाली नळीपर्यंत सरकवा. बूट तसंच वर ठेवून नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या माणसांसकट एक चक्कर मारा. परत आल्यावर बघा टाय किती वर ढकलली गेली. ती बंप स्टॉपपर्यंत (शॉकअप पूर्ण दबताना टेकतो तो रबरी ठोकळा) पोचली असेल तर गाडी रोजच्याच रस्त्यावर रबरावर चालतेय, उंची वाढवा. थोडीशी जागा उरली असेल तर ठीक, मोठ्या खड्ड्यात बंप स्टॉप लागला तर लागू दे, तो त्यासाठीच असतो. उलट्या बनावटीच्या स्ट्रटमध्ये दांडा दिसत नाही, तिथे ही युक्ती चालत नाही. फुल-लेंथवाल्यांनी टायर पण बघायचा, कारण तुमच्या शॉकअपचा प्रवास तेवढाच राहतो पण टायर आणि मडगार्डमधली जागा कमी होते, शॉकअप दबायच्या आधी टायर घासू शकतो. आतल्या प्लास्टिकवर घासल्याची चमक दिसतेय का, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवल्यावर ब्रेकचा पाइप ताणला जातोय का, हे हात घालून तपासा.

त्यानंतर व्हील अलाइनमेंट. हे टाळता येत नाही. गाडी खाली गेली की बहुतेक गाड्यांत चाकं वरून आत झुकतात, टो (वरून बघताना चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) पण बदलतो, आणि टायर खातो तो मुख्यतः टो. आधी उंची नक्की करा आणि मग अलाइनमेंट करा, उलट केलं तर परत करायला लागते. हेडलाइट पण बघा, पुढचा भाग वर गेला तर प्रकाश समोरच्याच्या डोळ्यात जातो. काही गाड्यांत हेडलाइटचा सेन्सर सस्पेन्शनच्या आर्मला जोडलेला असतो, त्याची छोटी दांडी वाकलीय का बघा. लेन पकडणारा कॅमेरा किंवा रडार असेल तर त्याचं कॅलिब्रेशन परत करून घ्या.

ट्रॅकवर जाणाऱ्यांसाठी

चार वजनकाटे मिळत असतील तर कॉर्नर वेट करा, म्हणजे प्रत्येक चाकावरचं वजन मोजून जुळवा. चालकाच्या सीटवर चालकाएवढं वजन ठेवा, दोन्ही स्टॅबिलायझर बारचा एक-एक लिंक रॉड सोडा, काटे एका पातळीत लावा. समजा आकडे आले पुढे डावं ३७५, उजवं ३४५, मागे डावं २२५, उजवं २५५, एकूण १२०० किलो. पुढचं डावं आणि मागचं उजवं मिळून ६३०, म्हणजे ५२.५ टक्के. आपल्याला ५०च्या जवळ हवंय, नाहीतर गाडी एका बाजूच्या वळणात वेगळी वागते आणि दुसऱ्या बाजूला वेगळी. ज्या तिरप्या जोडीवर वजन जास्त आहे ती दोन्ही चाकं २ मिमी खाली आणि दुसरी जोडी २ मिमी वर, असं चारही कोपऱ्यांना सारखं वाटून करा, सरासरी उंची बदलत नाही. प्रत्येक बदलानंतर गाडी उसळवून, पुढे-मागे करून परत काट्यावर घ्या. पुढे-मागे आणि डाव्या-उजव्याचं एकूण वजन कॉलर फिरवून बदलत नाही, त्यासाठी सामान हलवायला लागतं, तिथे वेळ घालवू नका.

शेवटी आटे परत पुसा, सुकं मेणासारखं वंगण मारा. ग्रीस नको, त्याला धूळ चिकटते आणि पुढच्या वेळी तोच त्रास. लॉक रिंग आणि बैठक दोन्हींवरून जाणारी एक पांढरी रेघ पेंट मार्करने ओढा. १०० किलोमीटरनंतर चाकाचे नट टॉर्कला तपासा आणि टॉर्च मारून ती रेघ बघा, तुटलेली दिसली तर रिंग फिरलीय, त्याच दिवशी आवळा.